श्रीपाद पर्वताचा वर्षावास

श्रीलंकेला जाणारे आपल्याकडील उपासक-उपासिका अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे दर्शन घेतात, कॅण्डीच्या दन्तविहारात वंदना करतात आणि बहुधा तेथूनच परत फिरतात. त्या देशाच्या नैर्ऋत्येस, सबरगमुव आणि मध्य या दोन प्रांतांच्या सीमेवर २,२४३ मीटर उंचीचा एक सुळका उभा आहे. त्याच्या भोवती सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचे घनदाट अरण्य पसरलेले आहे. सुळक्याला सिंहली जनता ‘श्रीपाद’ किंवा ‘समनल कन्द’ म्हणते आणि अरण्याला ‘समनल अडविय’. ‘अडविय’ हा शब्द आपल्या ‘अटवी’चाच सहोदर आहे. २५ ऑक्टोबर १९४० रोजी हे अरण्य अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०१० मध्ये हॉर्टन प्लेन्स राष्ट्रीय उद्यान आणि नकल्स वनक्षेत्र यांच्यासह ‘श्रीलंकेचा मध्यवर्ती उच्चप्रदेश’ या नावाने युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. हा समावेश शिखरावरील पदचिन्हासाठी झालेला नाही, तेथील जीवसृष्टीसाठी झाला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

एकाच पर्वतावर लक्षावधी यात्रेकरू आणि जगात अन्यत्र कोठेही न आढळणारे प्राणी एकत्र कसे राहू शकले, आणि यापुढे ते तसे राहू शकतील काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पालि साहित्यातील सुमनकूट

पालि ग्रंथांत या पर्वताचे नाव सुमनकूट किंवा समन्तकूट असे येते. महावंसाच्या पहिल्या परिच्छेदानुसार तथागत तीन वेळा लंकेत आले. पहिल्या भेटीत सुमनकूटाचा अधिपती देव महासुमन याने धम्म ऐकला व त्याला तथागतांच्या केशधातू मिळाल्या. तिसऱ्या भेटीत नागराज मणिअक्खिकाच्या निमंत्रणावरून तथागत कल्याणी येथे, म्हणजे आजच्या केलणियला, आले आणि तेथून जाताना त्यांनी सुमनकूटावर आपले पदचिन्ह ठेवले, असे ग्रंथकार सांगतो. तेराव्या शतकात वेदेह थेरांनी ‘समन्तकूटवण्णना’ हे पालि काव्य याच विषयावर रचले.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. तथागतांच्या लंकागमनाचा उल्लेख तिपिटकात नाही. महावंस हा तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर अनेक शतकांनी रचलेला ग्रंथ आहे. शिखरावरील शिळेवर सुमारे १.८ मीटर लांबीचा पावलासारखा खोलगट आकार आहे. त्याला बौद्ध तथागतांचे पाऊल मानतात, हिंदू शिवाचे आणि मुस्लिम आदमचे. काही ख्रिस्ती परंपरांत ते संत थॉमसचे मानले जाते. बुद्धिवादी वाचकाला हे पाऊल कोणाचे या वादात पडण्याचे कारण नाही. शिळेचा आकार निसर्गाने घडविलेला आहे, असे मानूनही या पर्वताचा इतिहास तितकाच खरा राहतो; कारण तेथे चढून गेलेली माणसे खरी आहेत. पाचव्या शतकातील चिनी भिक्खू फाहियान याने पर्वतशिखरावरील पदचिन्हाची नोंद केली आहे. इब्न बतूता १३४४ मध्ये हा पर्वत चढला. पहिला विजयबाहू या राजाने (इ. स. १०५५ ते १११०) यात्रेकरूंच्या अन्नदानासाठी गिलीमले हे गाव लावून दिले. ही माहिती त्याच्या अंबगमुव येथील शिलालेखात आहे.

याच शिलालेखात आणखी एक नोंद आहे आणि ती आपण वगळता कामा नये. पदचिन्हाच्या प्रांगणाखाली राजाने दुसरे एक प्रांगण बांधले, ते हीन मानल्या गेलेल्या जातींच्या लोकांनी तेथून वंदना करावी म्हणून. तथागतांच्या संघात उपालि न्हावी व सुनीत भंगी यांना जे स्थान मिळाले, ते त्यांच्या नावाने पुजल्या जाणाऱ्या शिखरावर अकराव्या-बाराव्या शतकात नाकारले जात होते. आज शिखरावर अशी विभागणी नाही. सर्व धर्मांचे आणि सर्व जातींचे लोक एकाच पायवाटेने वर जातात.

अरण्याची रचना

या अरण्याचे वैशिष्ट्य त्याच्या विस्तारापेक्षा त्याच्या सलगतेत आहे. पायथ्याला उष्ण, सखल प्रदेशातील उंच वृक्षांचे वर्षावन आहे. चढत जावे तसे वृक्ष बुटके होत जातात, फांद्या वाकड्या होतात, खोडांवर शेवाळ, नेचे आणि आमरी यांचे जाड आवरण चढते. शिखराजवळ ढगांत बुडालेले अरण्य लागते. तेथे लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन आढळतो. त्याला सिंहलीत ‘महा रत् मल्’, म्हणजे मोठे लाल फूल, म्हणतात. ‘स्टेमोनोपोरस’ ही संपूर्ण वृक्षप्रजाती केवळ श्रीलंकेतच आढळते आणि तिच्यातील काही जातींचे हे अरण्य माहेरघर आहे. वाढत्या तापमानाच्या काळात वनस्पती आणि प्राणी हळूहळू उंचावर सरकू पाहतात. त्यांना सरकण्यासाठी सखल भागापासून शिखरापर्यंत अशी अखंड वाट आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

येथे वर्षाला चार ते पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याखेरीज ढगांतील बाष्प पानांवर आणि शेवाळावर साचून थेंबाथेंबाने जमिनीत मुरते. हे पाणी साठवून सावकाश सोडणारी जमीन हीच त्या देशाची टाकी आहे. कोलंबोजवळून वाहत समुद्राला मिळणारी केलणी नदी आणि रत्नपूरवरून जाणारी कालू नदी यांचा उगम याच डोंगररांगेत होतो. वलवे नदीलाही या रांगांचे पाणी मिळते. शिखर कधीही न पाहिलेला कोलंबोतील कामगारही त्या शिखराचेच पाणी पितो.

आपल्या दृष्टीने आणखी एक नाते येथे नमूद करता येईल. सह्याद्री आणि श्रीलंका यांना जीवशास्त्रज्ञ जैवविविधतेचा एकच प्रदेश मानतात. सह्याद्रीत सात वर्षांनी एकदम फुलणारी कारवी आपल्याला परिचित आहे. तिच्याच कुळातील ‘नेलु’ ही झुडपे लंकेच्या डोंगरांत अनेक वर्षांच्या अंतराने अशीच एकाच वेळी फुलतात, बी धरतात आणि मरून जातात. त्या वेळी बी टिपण्यासाठी रानकोंबड्यांची तेथे गर्दी होते.

तेथील प्राणिजीवन

श्रीलंकेत वाघ वा सिंह नाही. म्हणून बिबट्या हाच तेथील सर्वांत मोठा शिकारी प्राणी होय. समनल अडवियमध्ये त्याचा वावर आहे. जाड केसांचे जांभळट तोंडाचे वानर, आणि मोठ्या डोळ्यांचा, हाडकुळ्या हातापायांचा, रात्री हिंडणारा लोरिस हे मध्यवर्ती उच्चप्रदेशातील अन्य दोन महत्त्वाचे प्राणी. ओढ्याच्या काठी पहाटे-सायंकाळी शीळ घालणारी लंकेची कस्तूर, निळ्या-तांबड्या रंगाचा लंकेचा निळा मॅगपाय आणि पिवळ्या कानांचा बुलबुल हे पक्षी लंकेबाहेर आढळत नाहीत. नाकावर लहानसे शिंग असलेला सरडाही येथलाच.

तथापि या अरण्याचे खरे वैभव बोटाच्या पेराएवढ्या प्राण्यांत आहे. १८५३ मध्ये एका ठिपकेदार झुडूप-बेडकाची शास्त्रीय नोंद झाली. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे तो कोणाला दिसला नाही. तो नामशेष झाला असेच मानले जात होते. २००९ मध्ये श्रीपादच्या अरण्यात तो पुन्हा सापडला. त्याच वर्षी, १८७० च्या दशकानंतर न दिसलेला एक लहान भेक याच अरण्यात मिळाला. २०१३ मध्ये मेंडिस विक्रमसिंघे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीपादच्या परिसरातून झुडूप-बेडकांच्या आठ नव्या जाती प्रसिद्ध केल्या. दीड हजार वर्षे लोक ज्या पर्वतावर जात आहेत, त्यावरील आठ जातींना एकविसाव्या शतकापर्यंत नाव नव्हते.

या बेडकांची जीवनपद्धती समजून घेतली पाहिजे, कारण पुढील विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. सामान्य बेडूक पाण्यात अंडी घालतो, अंड्यातून शेपटीची पिले निघतात आणि यथावकाश त्यांचा बेडूक होतो. झुडूप-बेडकाला पाण्याचे डबके लागत नाही. तो ओल्या मातीत, पालापाचोळ्यात किंवा पानावर अंडी घालतो आणि अंड्यातून एकदम इवलासा बेडूकच बाहेर येतो. म्हणजे त्याला तळे नको, पण जमीन सतत ओली हवी. वाटेकडेची झाडे तोडली, पालापाचोळा तुडवला गेला, ऊन जमिनीपर्यंत पोचले, की अंडी सुकतात. श्रीलंकेतील या गटाच्या डझनाहून अधिक जाती कायमच्या नष्ट झालेल्या आहेत, आणि ब्रिटिश अमदानीत कॉफी व चहासाठी झालेली अरण्यतोड हे त्यामागील प्रमुख कारण मानले जाते.

यात्रा आणि यात्रेकरू

यात्रेचा काळ उन्दुवप् पौर्णिमेपासून, म्हणजे डिसेंबरपासून, वैशाख पौर्णिमेपर्यंत असतो. पेल्मडुल्ल येथील गल्पोत्तावल राजमहाविहारातून सुमन देवाची मूर्ती आणि पूजासाहित्य मिरवणुकीने शिखरावर नेले जाते. वैशाखानंतर ते पुन्हा खाली आणले जाते. हॅटनकडून नल्लतन्निय गावावरून जाणारी वाट सर्वांत जवळची. तिला सुमारे साडेपाच हजार पायऱ्या आहेत आणि चढायला तीन ते चार तास लागतात. या वाटेवर जपानी भिक्खूंनी उभारलेला शांतिस्तूप आहे. रत्नपूर-पलाबद्दल आणि कुरुविट-एरत्न या वाटा लांब व खडतर असून त्या बराच काळ अरण्यातूनच जातात.

बहुतेक लोक रात्री चढतात, म्हणजे सूर्योदयाला शिखरावर पोचता येते. वाटेत ‘सीत गंगुल’ या ओढ्यात स्नान केले जाते. हे नाव रामायणातील सीतेचे नव्हे. पालीप्रमाणे येथेही ‘सीत’ म्हणजे थंड. ‘इंदिकटुपान’ या जागी यात्रेकरू सुईदोरा वाहतात. तथागतांनी येथे चीवर शिवले अशी लोकसमजूत आहे. उतरणारे लोक चढणाऱ्यांना ‘करुणावै’ म्हणून अभिवादन करतात. शिखरावरची घंटा आपण जितक्यांदा चढलो तितके टोल देऊन वाजवायची असते. पहिल्यांदा येणाऱ्या ‘कोडुकारया’ला एकच टोल. सूर्य उगवताच पश्चिमेकडील धुक्यावर पर्वताची त्रिकोणी सावली पडते आणि सूर्य वर येईल तशी ती आखडत जाते.

या प्रथांत एक प्रथा विशेष अर्थपूर्ण आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे गटाचा एक वडीलधारा पुढारी असतो, त्याला ‘नडे गुरा’ म्हणतात. तो नवख्यांना बजावतो की, वाटेत ‘थकलो’ म्हणू नये, ‘अजून किती राहिले’ असे विचारू नये, अरण्याविषयी वाईट बोलू नये, कोणतीही मस्ती करू नये. अरण्य हे दुसऱ्या कोणाचे तरी घर आहे आणि आपण तेथे पाहुणे आहोत, ही जाणीव त्या वाणीसंयमामागे आहे.

पर्वताचा वर्षावास

विनयपिटकातील महावग्गात वर्षावासाच्या नियमाचा उगम सांगितला आहे. आरंभी भिक्खू तिन्ही ऋतूंत चारिका करीत. पावसाळ्यात ते हिरवे गवत तुडवितात आणि अनेक लहान जीवांचा घात करतात, असा आक्षेप लोकांनी घेतला. तथागतांनी तो आक्षेप योग्य मानला आणि भिक्खूंनी पावसाचे तीन महिने एका जागी राहावे असा नियम केला. पाचित्तिय नियमांत भूतगामाचा, म्हणजे वाढत्या वनस्पतींचा, नाश निषिद्ध आहे; जमीन खणणे निषिद्ध आहे; सजीव असलेले पाणी जाणूनबुजून वापरणे निषिद्ध आहे. सेखिय नियमांनुसार हिरवळीवर आणि पाण्यात थुंकणे किंवा मलमूत्र विसर्जन करणेही वर्ज्य आहे. एखाद्या जागेत आपण पाय ठेवतो तेव्हा तेथील लहानात लहान जीवाचा विचार करण्याची जबाबदारी येणाऱ्यावर असते, हे या सर्व नियमांचे तत्त्व आहे.

श्रीपादच्या यात्राकाळाकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? वैशाख पौर्णिमेला यात्रा संपते आणि त्याच सुमारास नैर्ऋत्य मोसमी वारे लंकेला पोचतात. पुढे सहा-सात महिने दुकाने बंद, दिवे बंद, वाट मोकळी. हा विराम बेडकांसाठी कोणी योजला असे म्हणता येणार नाही. पाऊस, वारा आणि निसरड्या शिळांनी तो लादला असावा. परंतु परिणाम पाहावा तर अरण्याला ज्या काळात विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच काळात माणूस मागे सरतो. तुडवलेल्या कडा पुन्हा हिरव्या होतात, पालापाचोळा साचतो, ओलाव्यात अंडी फुटतात. भिक्खू जसा वर्षावासात स्थिर राहतो, तसा हा पर्वतही दरवर्षी आपला वर्षावास पाळतो. माणूस आणि अरण्य यांचे दीर्घकाळचे सहजीवन जे टिकले, त्यात कायद्याच्या आधी या विरामाचा वाटा आहे.

आजची संकटे

हा विराम आता पूर्वीसारखा निर्विवाद राहिलेला नाही. नल्लतन्नियमार्गे पर्यटक बारमाही चढतात. यात्राकाळाबाहेर वाटेवर ना प्रकाश असतो ना मदत. तरीही सूर्योदयाचे छायाचित्र घेण्याचा मोह अनेकांना ओढून नेतो. यात्राकाळात, विशेषतः सुट्टीच्या आणि पौर्णिमेच्या रात्री, पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या, खाऊची वेष्टने वाटेच्या दोन्ही बाजूंच्या उतारावर फेकली जातात. स्वयंसेवक दर वर्षी ती गोळा करून खाली आणतात. पूर्वीचा यात्रेकरू शिदोरी पानात बांधून नेई. ते पान टाकले तरी मातीत मिसळत असे. आजची पिशवी तेथेच राहते आणि पावसाबरोबर ओढ्यात, ओढ्यातून नदीत जाते. श्रद्धा तीच आहे, पण ओझे बदलले आहे.

दुसरे संकट अरण्याच्या कडेवर आहे. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकात या डोंगरांचे उतार कॉफीसाठी मोकळे केले. १८६९ नंतर तांबेरा रोगाने कॉफी बुडाली आणि तिची जागा चहाने घेतली. मळ्यांत राबण्यासाठी दक्षिण भारतातून तमिळ मजूर आणले गेले. त्यांतील फार मोठा भाग अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचा होता. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुसंख्य लोक राज्यविहीन झाले आणि हा प्रश्न पूर्णपणे मिटविणारा कायदा व्हायला २००३ साल उजाडले. आजही अनेक कुटुंबे मळ्यांतील एकाला एक लागून बांधलेल्या खोल्यांच्या चाळींत राहतात. अरण्य संपते तेथे त्यांचे अंगण सुरू होते.

मळ्यांच्या कडेला रानडुकरांसाठी तारेचे फास लावले जातात आणि त्यांत बिबटे अडकतात. मे २०२० मध्ये नल्लतन्निय परिसरात अशा फासात एक काळा बिबट्या सापडला. काळा बिबट्या श्रीलंकेत अत्यंत दुर्मीळ आहे. त्याला सोडवून उपचारासाठी नेण्यात आले, पण काही दिवसांतच तो मरण पावला. अशा घटनेनंतर मळ्यातील मजुराकडे बोट दाखविणे सोपे असते. ज्याच्या भाजीच्या वाफ्यावर रानडुकरे येतात, ज्याच्या दारातून बिबट्या जातो आणि ज्याची मजुरी तुटपुंजी आहे, त्याच्यावर संरक्षणाचा सगळा भार टाकून अरण्य वाचणार नाही. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात तथागतांनी दारिद्र्याकडे दुर्लक्ष झाल्यावर अनाचार कसा वाढत जातो ते क्रमाने सांगितले आहे. त्याच सुत्ताचा आणखी एक भाग क्वचितच उद्धृत होतो: राजाने रक्षण करावयाच्या गणात पशू आणि पक्षी यांचाही समावेश आहे. माणसाचे दारिद्र्य आणि पशूंचे रक्षण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे या एकाच सुत्तावरून स्पष्ट होते.

जाणाऱ्यासाठी काही

आपल्या धम्मबांधवांपैकी कोणी या पर्वतावर जाणार असेल तर त्याने यात्राकाळातच जावे, आणि शक्यतो पौर्णिमा व सुट्टीचे दिवस टाळावेत. जे वर नेले ते सर्व खाली आणावे. वाट सोडून अरण्यात शिरू नये. दोन पावलांवरच्या पाचोळ्यात काय वाढते आहे ते आपल्याला दिसत नाही. वानरांना आणि कुत्र्यांना खाऊ टाकू नये. पहाटे वर थंडी कडाक्याची असते, म्हणून गरम कपडे न्यावेत. मोठा आवाज करणारी साधने मात्र खालीच ठेवावीत. उतरताना दिवस उजाडलेला असतो. रात्री दिव्यांच्या रांगेशिवाय काही न पाहिलेल्या वाटेची दोन्ही अंगे त्या वेळी प्रथमच दिसतात. घाई न करता ओढ्यापाशी थोडे थांबले तर कस्तुराची शीळ ऐकू येण्याचा संभव आहे.

ज्यांना लंकेला जाणे शक्य नाही, त्यांनाही हा विषय परका नाही. कान्हेरीची लेणी आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत. तेथील भिक्खूंनी डोंगराच्या पाण्याचा थेंब न थेंब खडकातील पोढ्यांत साठविला. त्यांच्या ओवऱ्यांभोवतीच्या त्या अरण्यात आजही बिबट्या फिरतो. वर्षावासात लेणी पाहायला जाताना आपण ज्या पिशव्या आणि बाटल्या सोबत नेतो, त्यांचे काय होते, हा प्रश्न श्रीपादइतकाच कान्हेरीलाही लागू आहे.

श्रीपादच्या शिखरावर तथागतांचे पाऊल उमटले की नाही, हे आपण सिद्ध करू शकत नाही. आपले पाऊल मात्र तेथे निश्चित उमटते, आणि ते कोठे, कोणत्या ऋतूत व किती भाराने ठेवावयाचे, हे ठरविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.